घरच्या पॉइंटवरून कॅम्परला वीज कशी द्यावी

मांडूला, महेश्वरला किंवा त्याहून लांब कुठे निघण्याआधी कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, एक-दोन दिवस घरासमोर उभा असतो. त्यातला फ्रीज आधीच थंड करून ठेवायचा असतो, बॅटरी पूर्ण भरून घ्यायची असते, आणि पुण्याकडचे पाहुणे आपली गाडी घेऊन इंदूरला लग्नाला आले असतील, तर त्यांच्यापैकी दोघे-तिघे रात्री गाडीतच झोपणार असतात. अशा वेळी पोर्चमधल्या पॉइंटवरून केबल ओढून गाडीला वीज देणे अगदी रास्त आहे, आणि ते नीट केले तर सुरक्षितही आहे. मात्र ते करताना बहुतेकांच्या मनात एकच शंका असते, की एवढा लोड त्या पॉइंटला झेपेल का. माझ्या मते ही नंतरची शंका आहे. त्या पॉइंटच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे खरोखर अर्थिंग, म्हणजे दोष झाल्यास वीज जमिनीत नेणारी तार, आहे का, हे आधी पाहावे, कारण आपल्याकडच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला कॅम्परचा भार सहसा झेपतो, पण अर्थिंग मात्र पुष्कळ घरांत नावापुरतेच असते.

या विषयावरचे जे व्हिडिओ आपण पाहतो, ते बव्हंशी अमेरिकेतले असतात, आणि त्यातला सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही. तिथल्या घरातले साधे सॉकेट १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचे, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅटचे असते, तर कॅम्परचा प्लग ३० किंवा ५० अँपिअरचा असतो. म्हणून तिथे अडॅप्टरची चर्चा होते आणि घरच्या सॉकेटवर ए.सी. चालवू नका असे बजावले जाते. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे आणि १६ अँपिअरच्या पॉइंटवरून हिशेबाने ३६८० वॅट मिळतात. भारतात बांधलेल्या कॅम्परमधली घरच्या विजेवर चालणारी उपकरणेही २३० व्होल्टचीच असतात, त्यामुळे वेगळ्या ट्रान्सफॉर्मरची गरज पडत नाही.

अर्थिंग आधी पाहावे

घरातला फ्रीज किंवा गीझर जमिनीवर वा भिंतीवर कायमचा बसवलेला असतो. गाडी मात्र रबराच्या टायरांवर उभी असते. गाडीतल्या एखाद्या वायरचे आवरण घासून फेज, म्हणजे वीज आणणारी तार, पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसले, तर तो प्रवाह जमिनीत उतरू शकत नाही, फ्यूज उडत नाही, एम.सी.बी. (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका) पडत नाही, गाडीच्या आत बसलेल्या माणसाला काही जाणवतही नाही. संपूर्ण गाडी २३० व्होल्टवर शांतपणे उभी राहते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून जो पहिल्यांदा दाराचा दांडा धरतो, त्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो.

याची एक आगाऊ सूचना मिळू शकते. बॅटरी चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर अशा उपकरणांमध्ये फेज आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर त्यांच्यामुळे गाडीचा पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर येतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. "थोडा करंट येतोच गाडीला" म्हणून हे कुणी सोडून देऊ नये. तो प्रवाह अगदी कमी असतो हे खरे, पण त्याचा अर्थ अर्थिंगची वायर कुठे तरी सुटलेली आहे असाच होतो. केबल तिथल्या तिथे काढावी.

इंदूरमध्ये याबाबत दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. रामबाग, नारायणबाग अशा जुन्या भागांतल्या घरांत मूळ वायरिंग कधी कधी दोन तारांचेच असते. पुढे केव्हा तरी नवे बोर्ड बसवले, तीन छिद्रांची सॉकेटे आली, पण तिसऱ्या छिद्रामागे काहीच जोडलेले नसते. दुसरी गोष्ट माळव्याच्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ही माती पाणी धरून ठेवते आणि अर्थिंगचा खड्डा उत्तम काम करतो. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसून तिला भेगा पडतात, खड्ड्यातल्या पाइपापासून ती सुटते आणि अर्थिंगचा रोध कितीतरी वाढतो. कॅम्पर घेऊन बाहेर पडण्याचे, पाहुण्यांचे आणि लग्नाचे दिवस नेमके हेच. म्हणून ज्यांच्या अंगणात असा खड्डा आहे त्यांनी उन्हाळ्यात त्यावरचे झाकण उघडून अधूनमधून पाणी घालावे, आणि पाइपाला जोडलेल्या पट्टीचा नटबोल्ट गंजलेला नाही ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

तपासणीची सुरुवात मल्टिमीटरने करता येते. सॉकेटकडे तोंड करून पाहिले असता मोठे छिद्र वर, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवे. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट मिळतात. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच मिळायला हवेत, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात फार तर काही व्होल्ट. फेज-अर्थ वाचन फारच कमी किंवा अस्थिर आले, तर अर्थिंग नाही असे समजावे. परंतु वाचन बरोबर आले म्हणून अर्थिंग चांगले आहे असे मात्र ठरत नाही, कारण मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो आणि कसाबसा टेकलेला, गंजलेला सांधाही त्याला २३० दाखवतो. खिशातल्या टेस्टरने तर याबाबतीत काहीच कळत नाही. तो फक्त फेज ओळखतो. खरी परीक्षा अर्थ टेस्टरने होते. काही वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून तो पुरेसा पेटतो का ते पाहतात. ही बल्बची युक्ती आपण स्वतः करू नये, कारण अर्थिंग खराब असेल तर तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तूंच्या पत्र्यावर व्होल्टेज येते. घरासाठी अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे, तो आकडा वायरमनकडून मोजून घ्यावा.

आता असे धरू, की रोध बरोबर ५ ओहम आहे. दोष झाला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. सी प्रकारची १६ अँपिअरची एम.सी.बी. तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला ती तापून पडेल, पण त्यात कित्येक सेकंद जाऊ शकतात. काही जण गाडीशेजारी जमिनीत एक लोखंडी सळई ठोकून तिला पत्रा जोडतात. अशा सळईचा रोध ५० ओहम असला तर प्रवाह जेमतेम ४.६ अँपिअर होतो आणि एम.सी.बी. कधीच पडत नाही. म्हणजे चांगल्या अर्थिंगच्या जोडीलाही ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. हवीच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतला फरक ती पाहते, आणि तो ३० मिलिअँपिअर झाला की सेकंदाच्या तीन दशांश भागाच्या आत वीज तोडते. घराच्या मुख्य बोर्डात ती आधीच असेल तर उत्तम. नसेल तर कॅम्परच्या पॉइंटपुरती एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी. एकत्र असलेली आर.सी.बी.ओ. बसवून घ्यावी. महाराणी रोडवरच्या दुकानांत ती सहज मिळते, आणि या सगळ्या खटाटोपात कशावर खर्च करायचाच असेल तर तो यावर करावा.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही खात्रीने सुचवली तरी करू देऊ नये. अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये न्यूट्रलपासूनच एक तुकडा अर्थच्या पिनला जोडून देण्याची वाईट सवय काही कारागिरांना असते. मल्टिमीटर अशा सॉकेटला पैकीच्या पैकी गुण देतो. पण मागे कुठे तरी न्यूट्रल तुटली, किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की गाडीचा पूर्ण पत्रा थेट फेजवर येतो.

पॉइंट आणि त्याची परिस्थिती

लहान, ६ अँपिअरच्या पॉइंटवर हिशेबाने १३८० वॅट मिळतात. चार्जर, १२ व्होल्टचा फ्रीज, दिवे आणि पंखा एवढेच चालवायचे असेल तर तो पुरतो, आणि माळव्यातल्या गार रात्रींमध्ये वर्षातले बरेच महिने तेवढे पुरतेही. ए.सी., इंडक्शन किंवा गीझर यांपैकी काहीही लागणार असेल तर १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. मोठ्या प्लगला लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्जन प्लग दुकानात मिळतो खरा. पण तो फक्त आकार बदलतो, मागची १ किंवा दीड चौरस मिलिमीटरची वायर आहे तेवढीच राहते.

१६ अँपिअरचा पॉइंटही डोळे मिटून घेऊ नये. प्लग घातल्यावर तो घट्ट बसायला हवा. सैल बसत असेल, पिनांच्या कडेला तपकिरी डाग असतील, किंवा सॉकेटची पांढरी पट्टी एका छिद्राभोवती पिवळसर होऊन किंचित फुगलेली दिसली, तर आतली पितळी पकड ढिली झालेली असते. अशा ठिकाणी फक्त ०.१ ओहमचा रोध असला आणि १२ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका पिनेपाशी १४ वॅटहून अधिक उष्णता सतत तयार होते, आणि ती उष्णता पकड आणखी ढिली करते. जोडणी केल्यानंतर अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीवर हात ठेवून पाहावा. कोमट असणे चालेल. हात ठेवणे नकोसे वाटत असेल तर ते सॉकेट बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्या पॉइंटची एम.सी.बी. पाडून घरातले आणखी काय बंद होते, हेही एकदा पाहावे. पुष्कळदा पोर्चचा पॉइंट आणि न्हाणीघरातला गीझर एकाच एम.सी.बी.वर निघतात, आणि मग सकाळी सहाला घरातले कुणी गीझर लावले की गाडीतल्यांचा ए.सी. बंद पडतो. ज्यांच्याकडे विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट काढलेला आहे, त्यांनी निःशंकपणे तोच वापरावा. कॅम्पर वरचेवर उभा राहणार असेल तर मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन, तिच्यावर दोन्ही तारा तोडणारी १६ अँपिअरची आर.सी.बी.ओ., आणि कंबरेच्या उंचीवर झाकणाची पेटी असा पॉइंट करून घ्यावा. साधे घरगुती सॉकेट बसवण्यापेक्षा निळा, गोल, तीन पिनांचा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट बसवलेला बरा, कारण पुष्कळ कॅम्परच्या अंगावरचा वीज घेण्याचा सॉकेटही त्याच नमुन्याचा असतो आणि ती पकड पावसाला व ओढाताणीला दाद देत नाही.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक भानगड असते, ती इन्व्हर्टरची. लहान पॉइंट बहुधा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतात. लाइट गेली की घराची बॅटरी कॅम्परच्या चार्जरला वीज पुरवू लागते, म्हणजे एका बॅटरीतून काढून दुसऱ्या बॅटरीत भरण्याचा उद्योग सुरू होतो आणि तासा-दोन तासांत घर अंधारात जाते. पॉइंट इन्व्हर्टरवर आहे का, हे मेन बंद करून आधीच पाहावे आणि तसा असेल तर तो वापरू नये. उलट बाजूने, गाडीतल्या इन्व्हर्टरची वीज आणि घरून आलेली वीज यांची कधीही गाठ पडता कामा नये. त्यासाठी गाडीत, दोन्हींपैकी एका वेळी एकच वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच असतो. तो हाताने फिरवण्याचा असेल तर केबल जोडण्यापूर्वीच घरच्या बाजूला फिरवावा.

भाराचा हिशेब

एक टनाचा इन्व्हर्टर ए.सी. पूर्ण जोरात १००० ते १२०० वॅट घेतो, २० अँपिअरचा १२ व्होल्ट चार्जर सुमारे ३५० वॅट, कॉम्प्रेसरचा लहान फ्रीज ६० वॅट, दिवे-पंखे मिळून १०० वॅट. एकूण १७०० वॅट धरले तरी प्रवाह साडेसात अँपिअरच्या आत राहतो. यात २००० वॅटचे इंडक्शन मिसळले की आकडा ३७०० वॅटवर, म्हणजे १६ अँपिअरच्या पार जातो. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर तर एकटाच ३००० वॅट घेतो. तेव्हा तासन्तास चालणारा भार १२ अँपिअरच्या आत ठेवावा, आणि इंडक्शन, केटल व गीझर यांपैकी एका वेळी एकच लावावे, तेही ए.सी. बंद करून. पोहे परतायला लागणाऱ्या पंधरा मिनिटांत गाडी काही तापत नाही. बिलावर छापलेला मंजूर भारही पाहून ठेवावा. स्मार्ट मीटर कमाल मागणी नोंदवत असतो.

केबल

इथे काटकसर अजिबात करू नये. टी.व्ही.साठी आणलेला, पातळ वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरचा असतो. अशी २० मीटर वायर १२ अँपिअरवर सुमारे साडेबारा व्होल्ट खाते आणि १५० वॅट उष्णता वायरीतच मुरते. तेवढ्याच लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटर केबलीत घट ४ व्होल्टच्याही आत राहते. म्हणून तीन गाभ्यांची, रबरी किंवा जाड पी.व्ही.सी. आवरणाची, अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची लवचिक केबल घ्यावी आणि मध्ये कुठेही जोड न देता गरजेपुरती अखंड तोडून घ्यावी. रीलवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडावी. गुंडाळी तशीच ठेवून ए.सी. चालवला तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण मऊ होऊन एकमेकांना चिकटते.

केबलचे जे टोक गाडीकडे जाते त्यावर सॉकेट, आणि जे घराकडे जाते त्यावर प्लग, अशीच रचना हवी. दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल बनवून मागू नये आणि कुणी दिली तर वापरू नये, कारण एक टोक घरात लावले की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. केबल फाटकाच्या खालून किंवा खिडकीच्या झडपेत चेपून नेऊ नये. पावसाळ्यात कोणताही जोड जमिनीवर पडू देऊ नये, आणि सॉकेटात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलापाशीच गळून जाते.

जोडण्याचा क्रम

गाडीतली सगळी उपकरणे आणि गाडीची मुख्य एम.सी.बी. बंद करावी. घरच्या पॉइंटचा खटकाही बंद असावा. आधी केबल गाडीच्या सॉकेटला जोडावी, झाकणाची खाच नीट अडकली आहे हे पाहावे, आणि मग दुसरे टोक घरच्या पॉइंटमध्ये घालावे. खटका लावल्यावर पहिले काम म्हणजे आर.सी.सी.बी.वरचे टेस्टचे बटण दाबणे. ती पडली नाही तर सगळे तिथेच थांबवावे. पडली, तर पुन्हा उचलून गाडीच्या आत फेज-न्यूट्रल सुलट आहेत का ते तपासावे. उलट असतील तर एकच तार तोडणारे खटके बंद असूनही उपकरणावर फेज राहते, म्हणूनच गाडीतली मुख्य एम.सी.बी. दोन्ही तारा तोडणारी असणे बरे. यानंतर ती एम.सी.बी. लावावी, आणि चार्जर, फ्रीज, मग ए.सी. असे एकेक करून सुरू करावे. काढताना सगळे याच्या उलट: आधी भार बंद, मग घरचा खटका, मग घरचे टोक, आणि सर्वांत शेवटी गाडीचे.

आर.सी.सी.बी. लगेच पडत असेल तर तिला दोष देऊन बायपास करू नये. गाडीतले सर्व प्लग काढून एकेक परत लावत जावे. ज्याच्यावर ती पडते ते उपकरण सापडते, आणि बहुतेक वेळा ते गीझरचे जुने एलिमेंट निघते. ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते, त्यामुळे तीन-चार उपकरणांची थोडी थोडी गळती मिळूनही ती पडते. भार वाढल्यावरच पडणारी एम.सी.बी. मात्र जास्त प्रवाहामुळे पडत असते, आणि तिच्या जागी मोठी एम.सी.बी. बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मागची वायर तीच असते.

तीन फेज जोडणीच्या घरांत एक वेगळा धोका असतो. मुख्य न्यूट्रल सुटली तर एखाद्या फेजवरचे व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते, आणि गाडीतला चार्जर व ए.सी.चा बोर्ड काही क्षणांत जळतो. कमी-जास्त व्होल्टेजला आपोआप वीज तोडणारे उपकरण लाइनमध्ये असावे. लाइट जाऊन परत आल्यावर ते तीन मिनिटे थांबून वीज सोडणारे निवडले, तर ए.सी.च्या कॉम्प्रेसरलाही ते सोयीचे पडते.

प्रवास नसताना गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर केबल कायम लावून ठेवण्याचे कारण नाही. लेड-ॲसिड बॅटरी असल्यास चार्जर पूर्ण भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरणारा आहे ना, हे पाहावे, आणि पंधरवड्यातून एक दिवस घरी कुणी असताना भरून घ्यावी. भरताना तिच्या कप्प्याची जाळी उघडी ठेवावी, कारण त्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवण्याऐवजी अर्ध्यावर ठेवलेली चांगली, आणि मेच्या उन्हात बंद गाडीत ती तापू नये म्हणून गाडी सावलीत उभी करावी.